अमेरिकेत ज्यूरी ड्यूटीचे समन्स आल्यावर काय होते? अनुभव आणि माहिती

माधवी_एडिसन

काही महिन्यांपूर्वी आमच्या पत्रपेटीत काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, न्यायालयाचे ज्यूरीसाठी समन्स आले. ज्यूरी म्हणजे खटला ऐकून निर्णय देणारा सामान्य नागरिकांचा गट. ओळखीच्या चार मराठी घरांमध्ये मी त्याविषयी विचारले, तेव्हा चारही ठिकाणी पहिला सल्ला मिळाला तो ते टाळावे कसे याचाच. कोणी म्हणाले, इंग्रजी येत नाही असे लिहून टाका. कोणी म्हणाले, पोलिसांवर माझा अजिबात विश्वास नाही असे ठणकावून सांगा म्हणजे दहा मिनिटांत घरी पाठवतील. तिथे प्रत्यक्षात काय घडते हे मात्र एकालाही सांगता आले नाही, कारण शेवटपर्यंत बसलेले कोणीच नव्हते. मी सहा दिवस बसले, आणि त्या सहा दिवसांनी माझे मत पार बदलले. म्हणून हा धागा काढते आहे. मी न्यू जर्सीच्या राज्य न्यायालयाविषयी लिहिते आहे. नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा इतर राज्यांतील सभासदांनी भर घालावी.

समन्स हा न्यायालयाचा आदेश असतो. मतदारयादी, वाहन परवान्याची यादी, करदात्यांची यादी अशा नोंदींमधून संगणक नावे काढतो. आपले नाव कोणी सुचवलेले नसते आणि आपल्यावर कोणताही आरोप नसतो. माझ्या सासूबाई पाकिटावरचे न्यायालयाचे नाव पाहून दोन दिवस काळजीत होत्या, म्हणून हे मुद्दाम लिहिते. समन्ससोबतची प्रश्नावली संकेतस्थळावर भरता येते. त्यात नागरिकत्व, वय, काउंटीतील वास्तव्य, इंग्रजी वाचता आणि समजता येते का, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, असे प्रश्न असतात. तारीख अडचणीची असेल तर पुढची मागता येते आणि कारण रास्त असेल तर ती बहुधा मिळते. उत्तरच न देणे हा मार्ग मात्र नव्हे. न्यू जर्सीत त्यासाठी ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि न्यायालयाचा अवमान म्हणूनही कारवाई होऊ शकते.

आदल्या संध्याकाळी आपल्या गटाला बोलावले आहे की नाही ते पाहायचे असते. पुष्कळदा बोलावतच नाहीत, कारण ज्यूरीसाठी माणसे जमली हे पाहून दोन्ही पक्ष शेवटच्या क्षणी तडजोड करतात. मला बोलावले. विमानतळासारखी तपासणी झाली, आणि पर्समध्ये विसरलेली छोटी कात्री काढून ठेवावी लागली. मग शंभर-सव्वाशे खुर्च्यांच्या मोठ्या खोलीत बसलो, एक चित्रफीत पाहिली आणि पुढे अडीच तास काहीच घडले नाही. तेव्हा पुस्तक, स्वेटर आणि डबा हे तिन्ही बरोबर न्यावे.

खरा भाग निवडीचा. सुमारे साठ जणांना न्यायदालनात नेले. न्यायाधीशांनी उभे राहून आमचे स्वागत केले, खटला कशाविषयी आहे ते दोन वाक्यांत सांगितले, आरोपी, वकील आणि साक्षीदार यांची नावे वाचली आणि यांपैकी कोणाला ओळखता का असे विचारले. मग क्रमांक पुकारून चौदा जणांना ज्यूरीच्या खुर्च्यांत बसवले. तुमच्या घरात कोणावर गुन्हा घडला आहे का, पोलिसांत कोणी आहे का, केवळ वर्दी आहे म्हणून साक्षीदारावर जास्त विश्वास ठेवाल का, आरोपीने साक्ष दिली नाही तर त्याचा अर्थ त्याच्या विरुद्ध लावाल का, असे ते प्रश्न होते. काही उत्तरे चारचौघांत देण्यासारखी नसतात. आमची गाडी एकदा फोडली गेली होती, ते सांगायला मला न्यायाधीशांच्या मंचाजवळ बोलावले. त्या वेळी दालनात पावसाच्या सरीसारखा सततचा आवाज सुरू करतात, म्हणजे मागच्या लोकांना आपले बोलणे ऐकू जात नाही. न्यायाधीशांनी विचारले, "तो अनुभव बाजूला ठेवून तुम्ही या माणसाविषयी निर्णय देऊ शकाल का?" मी उत्तर देण्याआधी थांबले. आरोपी समोर, पंधरा फुटांवर बसला होता, कोट त्याला जरा मोठा होत होता, आणि तो माझ्याकडेच पाहत होता. त्याच्या नजरेसमोर, पाठ केलेली टाळाटाळीची वाक्ये माझ्या तोंडून निघाली नाहीत.

यानंतर वकील काही नावे वगळतात. निःपक्षपातीपणाविषयी शंका असेल तर कारण सांगून कितीही नावे वगळता येतात, आणि कारण न सांगता वगळण्याचे ठराविक हक्क दोन्ही बाजूंना असतात. फेडरल (केंद्रीय) न्यायालयातील गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात असे हक्क सरकारला सहा आणि बचावाला दहा असतात. आपल्याला वगळले तर तो अपमान समजू नये. माझ्या शेजारची निवृत्त परिचारिका एकही चुकीचे उत्तर न देता वगळली गेली. मी राहिले.

खटल्याविषयी आणि बंद खोलीतील चर्चेविषयी वेगळ्या प्रतिसादात लिहीन.

नवखा_परदेशी

अतिशय उपयुक्त लेख, धन्यवाद. माझी शंका मूलभूत आहे. मी एच-वन-बी या नोकरीसाठीच्या व्हिसावर कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीत राहतो, तरीही मला समन्स आले आहे. कार्यालयातील एक सहकारी म्हणतो की दुर्लक्ष कर. दुसरा म्हणतो की जाऊन ये, अनुभव मिळेल. योग्य काय?

पश्चिमकिनारा

दोघांचेही ऐकू नका. समन्स आले याचा अर्थ तुम्ही पात्र आहात असा होत नाही. ज्या याद्यांमधून नावे काढतात त्यांत नागरिक नसलेलेही असतात. कॅलिफोर्नियात २०२२ पासून राज्याचे प्राप्तिकर विवरणपत्र भरणाऱ्यांची यादीही वापरतात, त्यामुळे व्हिसावरील आणि ग्रीन कार्डवरील पुष्कळ लोकांना हे पत्र येते. प्रश्नावलीत "मी अमेरिकेचा नागरिक नाही" या पर्यायावर खूण करा, मुदतीत पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा. कोणताही त्रास होत नाही.

दुसऱ्या सहकाऱ्याचा सल्ला तर धोक्याचा आहे. या प्रश्नावलीवर सही करताना आपण खरे सांगत असल्याची ग्वाही देतो. नागरिक नसताना नागरिक असल्याचे लिहून दिले, मग ते अनवधानाने का असेना, तर ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व या दोन्ही टप्प्यांवर ते आडवे येऊ शकते. नागरिकत्वाच्या अर्जात तुम्ही कधी अमेरिकी नागरिक असल्याचा दावा केला होता का, असा सरळ प्रश्न असतो. घाईघाईत चुकीच्या चौकटीवर खूण झालीच असेल तर ती तशीच न ठेवता ज्यूरी कार्यालयाला लेखी कळवा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.

नवखा_परदेशी

आजच भरून पाठवतो. मनापासून आभार.

गोदातीर

माझे वय ७६ आहे. मुलाकडे राहतो, चार वर्षांपूर्वी नागरिकत्व घेतले. शपथविधीपूर्वीच्या चाचणीसाठी जे शंभर प्रश्न पाठ केले होते त्यांत केवळ नागरिकांवरच असलेली एक जबाबदारी सांगा असा प्रश्न होता, आणि मी "ज्यूरीवर बसणे" हेच उत्तर पाठ केले होते. आता समन्स आले आहे. नाशिकला पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, इंग्रजी वृत्तपत्र रोज वाचतो. परंतु इथले लोक भराभर बोलू लागले की काही शब्द निसटतात, आणि माझे उच्चार त्यांना कळतील का हीही शंका वाटते. मुलगा म्हणतो, वयाचे कारण देऊन सुटका करून घ्या. मला सुटका हवी आहे की नाही हेच ठरत नाही.

माधवी_एडिसन

काका, तुम्ही न्यू जर्सीत असाल तर ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना विनंती केल्यावर मोकळे करतात, वेगळे कारण द्यावे लागत नाही. परंतु ती सवलत आहे, बंदी नव्हे. तुमची इच्छा असेल तर तुम्ही जाऊ शकता. भाषेची अट इंग्रजी वाचता आणि समजता येण्याची आहे, उच्चार अमेरिकी असण्याची नाही. आमच्या ज्यूरीत पोलंडमध्ये जन्मलेले एक गृहस्थ होते. त्यांचे उच्चार पहिल्या दिवशी मला कळत नव्हते, पण चौथ्या दिवशी त्यांचेच म्हणणे सर्वांत नीट कळू लागले. ऐकायला कमी येत असेल तर न्यायालय श्रवणयंत्र देते, फक्त आधी कळवावे. शब्द निसटतात ही गोष्ट मात्र न्यायाधीशांना निवडीच्या वेळी स्पष्टपणे सांगा. साक्षीतले एखादे वाक्य निसटले तर त्याचा भार आरोपीवर पडतो. सांगितल्यावर तुम्हाला ठेवायचे की नाही ते न्यायाधीश ठरवतील.

निशिगंधा

मला सोमवारचे समन्स आहे आणि मुलगी अडीच वर्षांची आहे. नवरा प्रवासात, घरी दुसरे कोणी नाही. मुलीला बरोबर नेता येईल का?

माधवी_एडिसन

नेऊ नका, तिला तिथे सांभाळायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. लहान मूल किंवा आजारी माणूस सांभाळायला दुसरे कोणी नसेल तर ते रास्त कारण मानतात. आजच ज्यूरी कार्यालयाला फोन करा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. सवलतीपेक्षा पुढची तारीख मागितली तर ती लवकर मिळते, असा माझ्या दोन मैत्रिणींचा अनुभव आहे.

ह्यूस्टनवासी

पैशांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. टेक्सासमध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून पहिल्या दिवसाचे २० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५८ डॉलर मिळतात. फेडरल न्यायालयात दिवसाला ५० डॉलर आणि प्रवासखर्च मिळतो. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस मालकाने पगार द्यायचा आणि चौथ्या दिवसापासून राज्य ५० डॉलर देते. ही रक्कम करपात्र असते हेही ध्यानात ठेवावे. कंपनी पूर्ण पगार देऊन ज्यूरीचे पैसे परत घेत असेल, तर विवरणपत्रात तेवढी वजावट मिळते.

नोकरी जाण्याच्या भीतीने लोक टाळतात, ती भीती निराधार आहे. फेडरल ज्यूरीवर बसलेल्या कायम कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढून टाकण्यास किंवा धमकावण्यास फेडरल कायद्यानेच बंदी आहे आणि राज्यांचेही तसे कायदे आहेत. पगार मिळेलच असे मात्र सर्वत्र नाही. ज्याचे हातावर पोट आहे, जो तासावर पैसे मिळवतो, त्याला आठवडाभराचा खटला खरोखर परवडत नाही. अशी माणसे आर्थिक अडचण सांगून सुटतात आणि ज्यूरीत पगारी नोकरदार आणि निवृत्त लोक जास्त उरतात. समाजाच्या सर्व थरांतून बारा माणसे यावीत या तत्त्वाला हा लहानसा भत्ता आतून पोखरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

माधवी_एडिसन

पूर्ण सहमत आहे. मला सहा दिवसांचे १३५ डॉलर मिळाले: पहिले तीन दिवस पाच-पाच आणि पुढचे तीन दिवस चाळीस-चाळीस. माझ्या कंपनीने पगार दिला म्हणून मी बसू शकले. माझ्या दोन खुर्च्या पलीकडे बसणारा तरुण गोदामात रात्रपाळी करून सकाळी तिथे येत असे. त्याच्याविषयी पुढे लिहिते.

आता खटल्याविषयी. काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत, कारण त्यातली माणसे खरी आहेत. आरोप होता वाहनतळावर रात्री एकाला धमकावून त्याचे पाकीट हिसकावल्याचा. न्यायाधीशांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले: घरी जाऊन नवऱ्याशीदेखील खटल्याविषयी बोलायचे नाही, आपापसांतही शेवटपर्यंत बोलायचे नाही, इंटरनेटवर काहीही शोधायचे नाही, घटनास्थळी जायचे नाही. हे पाळणे मला वाटले होते त्यापेक्षा कठीण गेले. जेवणाच्या सुट्टीत चौदा माणसे एका टेबलाभोवती बसून हवामानाविषयी बोलत असत, आणि प्रत्येकाच्या मनात एकच विषय असे.

साक्षी दोन दिवस चालल्या. फिर्यादीने आरोपीला ओळखले ते मुख्यतः काळ्या जाकिटावरून. कॅमेऱ्याच्या चित्रणात काळे जाकीट घातलेला माणूस दिसत होता. आरोपीला पंचवीस मिनिटांनी दोन रस्ते सोडून पकडले तेव्हा त्याच्या अंगावर काळेच जाकीट होते. पाकीट सापडले नव्हते. खरे सांगायचे तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या मनात निकाल लागलेला होता.

चर्चा सुरू होण्याआधी पेटीतून दोन क्रमांक काढतात आणि ते दोघे राखीव ठरतात. ज्या बाईंनी साक्षींच्या दोन्ही दिवशी सर्वांत बारकाईने टिपणे घेतली होती त्यांचाच क्रमांक निघाला. चर्चेत आपण नाही हे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. उरलेल्या बारा जणांना खोलीत बसवले, बाहेर पोलीस उभा राहिला, फोन काढून घेतले.

पहिल्या फेरीत दहा जण दोषी म्हणाले, मीही त्यांत होते. गोदामातला तरुण म्हणाला की त्याचे ठरलेले नाही. तोपर्यंत तो फारसा बोललाच नव्हता. तो म्हणाला, "आमच्या गोदामाच्या आवारात असेच पिवळे दिवे आहेत. त्या उजेडात माझे गडद निळे जाकीट काळे दिसते, हिरवेही काळेच दिसते. चित्रणातला माणूस काळ्या जाकिटात आहे हे तुम्हाला कसे कळले?" खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. एकजण म्हणाला, आज रात्री आपण वाहनतळावर जाऊन पाहू. ते चालणार नाही, असे आमच्या ज्यूरीच्या प्रमुख बाईंनी लगेच सांगितले, कारण तसे केले तर तो न्यायालयात न तपासलेला पुरावा ठरला असता. स्वतःच्या आयुष्यातला अनुभव वापरून पुराव्याचे वजन करणे आणि स्वतः जाऊन पुरावा गोळा करणे यांतला फरक मला तेव्हा कळला. आम्ही न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवली. सर्वांना पुन्हा दालनात बसवून ते चित्रण दोनदा दाखवण्यात आले. दुसऱ्या खेपेला मी माणसाकडे न पाहता त्याच्या शेजारच्या गाड्यांकडे पाहिले. रांगेतल्या पाचही गाड्या एकाच रंगाच्या दिसत होत्या.

आरोपीने ते केले नाही असे कोणीच म्हणत नव्हते. प्रश्न होता तो वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाले आहे का, एवढाच. दोन दिवसांनी, शेवटच्या दोघांचे मन वळेपर्यंत थांबून, आम्ही बारा जणांनी "दोषी नाही" असा निर्णय दिला. त्यानंतर एकेका खुर्चीचा क्रमांक पुकारून, हा तुमचा निर्णय आहे का असे प्रत्येकाला उभे करून विचारतात. माझा क्रमांक नववा होता. "होय" म्हणताना आवाज घशात अडकला, कारण समोर फिर्यादीही बसलेला होता, आणि त्याचे पाकीट तर खरोखरच गेले होते.

पश्चिमकिनारा

गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला ज्यूरीचे एकमत लागण्याचा नियम आज सगळीकडे आहे, पण तो वाटतो तितका जुना नाही. लुईझियाना आणि ओरेगॉन या राज्यांत कित्येक दशके दहा विरुद्ध दोन मतांनीही माणूस दोषी ठरत असे. गंभीर गुन्ह्यात एकमत आवश्यकच आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रामोस खटल्यात दिला. दिवाणी दाव्यांचे नियम वेगळे असतात. तिथे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहायचे असते, आणि न्यू जर्सीत सहापैकी पाच जणांचे मत पुरते. बारा हा आकडाही सर्वत्र नाही. फ्लोरिडात देहदंडाची शिक्षा नसलेले गुन्हेगारी खटले सहा जणांपुढे चालतात.

जुनी_पाने

गोदामातल्या त्या तरुणाविषयी वाचून मला मुंबईचा १९०८ सालचा खटला आठवला. मराठी माणसाला ज्यूरी हा शब्द ठाऊक आहे तो बहुतांशी लोकमान्यांमुळे. तिथे नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. "केसरी"तील मराठी लेखांवरून राजद्रोह ठरवायचा होता, आणि लेख ज्यूरीपुढे होते ते इंग्रजी भाषांतरात. टिळकांनी स्वतः कित्येक तास बाजू मांडताना त्या भाषांतरांतील चुका एकेक करून दाखवल्या. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी ब्रह्मदेशात मंडालेला गेले. ज्यूरीने दोषी ठरवले तरी मी निर्दोष आहे, हे त्यांचे शब्द मुंबई उच्च न्यायालयात कोरून ठेवले आहेत. त्याआधी १८९७ च्या खटल्यातही मते सहा विरुद्ध तीन अशीच पडली होती, आणि ते सहाही जण युरोपीय होते.

ज्यूरीत कोण बसते याला किती महत्त्व आहे ते आपल्या इतिहासात इतके ठळक लिहिलेले असताना, इथे आपल्या नावाने आलेले समन्स आपणच टाळावे याचे मला वाईट वाटते. वंशाच्या कारणावरून ज्यूरीतील माणूस वगळता येणार नाही हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली बॅटसन खटल्यात सांगितले. आपले नाव त्या पेटीत आहे ते अशा लढ्यांमुळे.

भारतात ज्यूरी का राहिली नाही असे पुष्कळजण विचारतात आणि नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्याकडे बोट दाखवतात. मुंबईच्या ज्यूरीने तेव्हा आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. पण तो शेवटचा ज्यूरी खटला नव्हता. कलकत्त्यात त्यानंतरही ज्यूरीपुढे खटले चालले, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही पद्धत पुरती संपवली. पारशी विवाहविषयक न्यायालयात पाच प्रतिनिधी बसवण्याची पद्धत मात्र मुंबईत अजून आहे.

गोदातीर

जुनी पाने यांचे लिखाण वाचून एक विचार मनात आला. आपल्याकडे "पाचांमुखी परमेश्वर" म्हणतात. आमच्या गावी वडिलांनी बांधाचे तंटे सोडवलेले मी पाहिले आहेत. तिथला पंच तो, ज्याला दोन्ही घरे, त्यांच्या तीन पिढ्या आणि कोणाचा बैल कोणाच्या शेतात शिरला हे सारे ठाऊक असे. ती जाण हाच त्याचा अधिकार होता. इथे नेमके उलट आहे, ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला बोलावतात. माधवीताईंचा अनुभव वाचेपर्यंत मला ही उणीव वाटत होती. आता वाटते की गावच्या पंचाने त्या आरोपीला "त्याचा बाप कसा होता ते आम्हाला माहीत आहे" असे म्हणून केव्हाच दोषी ठरवले असते. वडिलांविषयी आदर राखूनच हे लिहितो आहे.

सातारकर

माझा आक्षेप वेगळा आहे. मी गेल्या वर्षी गेलो नाही, नागरिक असूनही. एखाद्या माणसाला तुरुंगात पाठवण्याचे पाप माझ्या माथी नको, असे मला प्रामाणिकपणे वाटते. घरी वारकरी परंपरा आहे. शिक्षा देण्याचे काम माझे नव्हे.

माधवी_एडिसन

तुमची भावना मी हलकी लेखत नाही. ती न्यायाधीशांना सांगितली तर तेही हलकी लेखत नाहीत. आमच्या निवडीच्या वेळी एका बाईंनी हेच सांगितले आणि न्यायाधीशांनी त्यांचे आभार मानून त्यांना मोकळे केले. तुम्ही समन्सला उत्तरच दिले नसेल तर ज्यूरी कार्यालयाला आपण होऊन कळवा आणि नवीन तारीख मागा.

परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्या. शिक्षा किती द्यायची ते बहुतेक खटल्यांत न्यायाधीश ठरवतात. सरकारने आरोप सिद्ध केला की नाही, एवढेच ज्यूरी सांगते. आणि आमच्या खोलीत ज्याला माणूस तुरुंगात पाठवण्याचे भय वाटत होते तोच सर्वांत सावध होता. मी आत गेले ती ठाम मत घेऊन. तो तरुण त्या दिवशी पगार बुडतो म्हणून आला नसता, तर त्या खोलीत पिवळ्या दिव्यांविषयी कोणीच बोलले नसते.

सातारकर

याचा मी विचार केला नव्हता. उद्या फोन करतो.

ह्यूस्टनवासी

फोनवरून आठवले. "तुम्ही ज्यूरीला आला नाहीत, तुमच्या नावे अटक वॉरंट निघाले आहे, आत्ताच्या आत्ता पैसे भरा" असे फोन सध्या आपल्या लोकांना येत आहेत. बोलणारा पोलीस अधिकाऱ्याचे नाव सांगतो, खटल्याचा क्रमांकही सांगतो आणि गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्यावरचा क्रमांक वाचून दाखवायला लावतो. आमच्या ओळखीच्या एका आजींनी अशा फोनवर दोन हजार डॉलर घालवले. न्यायालय फोनवर पैसे कधीही मागत नाही. फोन ठेवून द्या आणि समन्सवर छापलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करा. घरातील ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा.

अबोली_७

ग्रँड ज्यूरीविषयी थोडक्यात, कारण समन्सवर तो शब्द पाहून मीही गोंधळले होते. तिथे कोणी दोषी की निर्दोष हे ठरवायचे नसते, खटला भरण्याइतका आधार आहे का एवढेच पाहायचे असते. फेडरल ग्रँड ज्यूरीत १६ ते २३ जण असतात आणि आरोप निश्चित करायला किमान बारा मते लागतात. सुनावणी बंद दाराआड होते, न्यायाधीश आणि बचावाचे वकील तिथे नसतात, आणि ऐकलेले बाहेर सांगायचे नसते. मी आठवड्यातून एक दिवस याप्रमाणे कित्येक महिने जात होते. एका दिवसात इतकी प्रकरणे येतात की दुपारनंतर हात आपोआप वर जाऊ लागतो. मला तिथे सर्वांत मोठी धडपड तो हात आवरण्याची करावी लागली. सरकारी वकिलाला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला असतो, तो वापरावा.

निशिगंधा

सर्वांचे आभार. ज्यूरी कार्यालयाला फोन केला, दोन मिनिटांत काम झाले आणि मार्चची तारीख मिळाली. तोपर्यंत मुलगी पाळणाघरात जाऊ लागलेली असेल. सवलत हवी का असेही त्यांनी विचारले होते, मी तारीखच मागून घेतली.

गोदातीर

मीही प्रश्नावली भरली. वयाच्या सवलतीची चौकट रिकामी ठेवली आहे आणि शेवटच्या रकान्यात, बोलणे सावकाश असल्यास मला पूर्ण समजते, असे लिहिले आहे. पुढच्या गुरुवारी सकाळी साडेआठला हजर व्हायचे आहे. सूनबाईने डबा आणि स्वेटर दोन्ही पिशवीत भरून ठेवले आहेत.